हसकेलकाकांची मोजणी

हसकेल पेणकर माणसं मोजायचे, पण आकड्यांनी नाही. एक, दोन, तीन असं माणसांना मोजलं की दृष्ट लागते, असं बेने इस्रायलांच्यात, म्हणजे आपल्याकडच्या ज्यूंच्यात, मानतात. नारळ मोजा, कोंबड्या मोजा, माणसाला आकडा लावू नका. म्हणून त्यांच्यात दहा शब्दांचं एक हिब्रू वचन आहे. एकेका माणसाकडे बघत एकेक शब्द तोंडातल्या तोंडात म्हणायचा. 'होशिया'ने सुरुवात करायची, आणि शेवटचा 'हाओलाम' ज्याच्यावर येईल तो दहावा. हाओलाम म्हणजे सर्वकाळ. दहावा मिळाला की मिन्यान झालं, म्हणजे प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष भरले. मग कपाट उघडून तोराची, म्हणजे धर्मग्रंथाची, गुंडाळी बाहेर काढायची, वाचायची, आणि ज्यांचं कोणी गेलं असेल त्यांनी कद्दिशची प्रार्थना म्हणायची. नऊ असतील तर यातलं काही म्हणजे काही नाही. नऊजण देवमाणसं असोत आणि दहावा एक नंबरचा हलकट असो, तो आल्याशिवाय गाडी हलत नाही.

मुलुंड पूर्वेला, मिठागरांच्या बाजूला एका चाळीत तळमजल्याच्या दोन खोल्या एक करून या लोकांनी प्रार्थनेची जागा केली होती. तिला ते आपल्या जुन्या सवयीने मशीदच म्हणायचे, आणि त्यावरून नवा पोस्टमन हमखास गोंधळायचा. हसकेलकाका तिथले शम्माश, म्हणजे झाडलोट, किल्ल्या, दिव्यातलं खोबरेल, सगळं त्यांच्याकडे. आयुष्यभर विक्रोळीच्या कारखान्यात लेथ चालवली. त्यामुळे सूतभर इकडचं तिकडे झालेलं खपत नसे, आणि संताप तर असा की बोलायची सोय नाही. दहावा माणूस कमी पडला की काळी टोपी घालून हे निघाले रस्त्यावर. "बाबा रे, एक माणूस कमी आहे आमच्यात, येतोस का?" एवढंच वाक्य. एकदा सलूनमधून त्यांच्यातल्याच एकाला अर्धी दाढी झालेली असताना उचलून आणला होता. तो बिचारा एका गालाला साबण तसाच ठेवून उभा राहिला आणि सगळ्यांबरोबर आमेन म्हणाला. मुलुंडात त्यांना हसकेल कोणी म्हणतच नसे, मिन्यानकाका म्हणत.

पण ही गोष्ट सुरू झाली ती त्यांच्या मुलापासून.

आरन त्याचं नाव, हसकेलकाकांच्या वडिलांचं ठेवलेलं. मुलगा तेरा वर्षांचा झाला की बार-मिस्वा करतात. त्या दिवशी तो पहिल्यांदा तोरापुढे उभा राहून वाचतो आणि त्या दिवसापासून मिन्यानमध्ये धरला जातो. आरनला बापाने स्वतः शिकवलं होतं. पोरगा हुशार, पण खोडकर. प्रत्येक ओळीच्या शेवटी सूर जिथे खाली यायला हवा तिथे हा मुद्दाम वर न्यायचा. बाप टेबलावर फुटपट्टी आपटायचा आणि हा हसायचा. त्यात आवाज नुकताच फुटायला लागलेला. आमेनचा 'आ' जाडाभरडा निघायचा आणि 'मेन' एकदम चिरकायचं. वाढदिवसाला महिना उरला होता, नवीन तालीत, म्हणजे प्रार्थनेची झालरीची शाल, आणून ट्रंकेत ठेवली होती, आणि पोराला ताप भरला. डोक्यात गेला म्हणाले डॉक्टर. तालीत ट्रंकेतच राहिली.

बाप रडला नाही. लोक म्हणाले, काळीज दगडाचं. दगडाचं कसलं, मेलं होतं ते.

महिन्याने, आरनला ज्या शनिवारी तेरा पुरी झाली असती, त्या सकाळी हसकेलकाकांनी नेहमीसारखी मोजणी केली. दहा शब्द म्हणून झाले, शेवटचा शब्द खिडकीजवळच्या बाकाच्या टोकावर पडला, प्रार्थना सुरू झाली. अर्ध्यावर आल्यावर त्यांची नजर सहज त्या टोकाकडे गेली. तिथे कोणी नव्हतं. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाप केलं, माणसांना मनातल्या मनात आकड्यांनी मोजलं. नऊ. पुन्हा वचनाने मोजलं. 'हाओलाम' खिडकीपाशी गेला आणि असा नेमका बसला की मोजत असताना त्यांना कुठे रिकामी जागा लागलीच नाही. तेवढ्यात सगळे आमेन म्हणाले, आणि सगळ्यांच्या मागून एक चिरकलेलं 'मेन' आलं.

हसकेलकाकांच्या हातातलं पुस्तक खाली पडलं. त्यांनी ते उचललं, चुंबलं आणि पुढचं पान उघडलं. कोणाला काही बोलले नाहीत.

तेव्हापासून हे असंच. नऊजण जमले की मोजणी दहा भरायची. दहा जमले तर काही कळायचं नाही, कारण दहाव्या शब्दापुढे वचनच नाही. आठ असले तर काका मुकाट टोपी घालून एकाला शोधायला जायचे, फक्त एकालाच, आणि कोणाच्या ते लक्षात यायचं नाही. मिन्यानकाकांची मोजणी कधी चुकत नाही, अशी ख्यातीच होती.

आत मात्र त्यांना भुंगा लागला होता. नऊ माणसांवर आपण लोकांचे कद्दिश म्हणवून घेतले, ते देवाकडे पोचले असतील का? मग स्वतःच स्वतःला समजवायचे. त्यांना शिकवणारे जुने हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, सांगायचे, "अरे, बार-मिस्वा करावी लागत नाही, ती होते. वाचन, शाल, जेवण हा सगळा आपला आनंद. तेरा भरली की पोरगा आपोआप देवाच्या हिशेबात आला, झोपेत का असेना." मग आरनही आला असेल. आला म्हणूनच बसतो. ज्याला कोणी मोजलं नाही त्याला मीही नाही मोजायचं तर कोणी मोजायचं? आणि जो समोर येऊन बसतो, त्याचा कद्दिश कसा म्हणायचा? हसकेलकाकांनी आपल्या मुलाचा कद्दिश एकदाही म्हटला नव्हता.

वरच्या मजल्यावर कुंदा परब राहायची, मालवणकडची. एकदा नळावर तिने विचारलंच. "काकानू, तुमच्यातलो तो पोरगो कोण हो? आवाज फुटलेलो? इतकी वर्सां ऐकतंय, त्याचो आवाज काय अजून जाडो होणा नाय." हसकेलकाकांची बादली भरून वाहायला लागली तरी त्यांना नळ बंद करायचं सुचलं नाही.

एकोणीसशे ऐंशी साल उलटलं तसं मशिदीत कोणी उरेना. कोण इस्रायलात दिमोनाला गेलं, कोण अश्दोदला. दर दोन-चार महिन्यांनी एखादं घर सामान बांधायचं, दाराच्या चौकटीवरची मेझुझा, म्हणजे पवित्र वचनाची डबी, काढायचं आणि विमानात बसायचं. हसकेलकाकांची मुलगी नाओमी कधीच दिमोनाला जाऊन स्थिरावली होती. तिची पत्रं यायची, या, नातवंडं विचारतात. रिवकाबाई, म्हणजे काकांच्या मिसेस, एका पायावर तयार. काका तयार होत नव्हते.

"अहो, इथे आता आहे कोण आपलं?" रिवकाबाई विचारायच्या.

"मशीद आहे."

"मशिदीत झुरळं आहेत. माणसं आहेत का?"

"तुला नाही कळायचं ते," एवढं बोलून ते चप्पल घालायचे. लेकीकडे जायचं तर किल्ल्या दुसऱ्याकडे द्याव्या लागणार, आणि तो दुसरा खिडकीपाशी बघून म्हणणार, नऊच आहेत, चला घरी. मग आरनने कुठे जायचं? या एका प्रश्नापाशी हसकेलकाका अडून बसले होते, आणि तो प्रश्न बायकोला सांगायची त्यांची छाती नव्हती.

अशात त्यांच्याकडे शेवटचा विद्यार्थी आला, शिमोन वाक्रूळकर. बाप दानिएल बँकेत, सगळं कुटुंब इस्रायलला निघालेलं. पण आजोबा हटून बसले. नातू तेरा वर्षांचा होतोय तो इथे होऊ दे, मग न्या कुठे न्यायचा तिथे. शालोमआजोबांना मोतीबिंदूने जवळजवळ काही दिसत नसे, त्यामुळे त्यांच्या हट्टापुढे कोणाचं चालत नसे. शिमोन रोज शाळा सुटली की मशिदीत शिकायला यायचा. साधा, घाबरट पोरगा, शिकवलं तेवढं म्हणणारा.

एके दिवशी तो वाचत असताना ओळीच्या शेवटी त्याने सूर वर नेला.

हसकेलकाकांनी फुटपट्टी उचलली आणि ती त्यांच्या हातातच राहिली. "हे कोणी शिकवलं तुला?"

"त्यानेच ना," शिमोन म्हणाला. "तो दुसरा. मी चुकलो की मागून सांगतो. काका, त्याची बार-मिस्वा कधी आहे? त्याचं तर सगळं पाठ आहे."

"कोण दुसरा?"

शिमोनने मागे वळून खिडकीकडे बघितलं, मग काकांकडे. "आत्ता होता की," असं म्हणाला आणि त्याचा चेहरा पडला. बाहेर भरदुपारचं ऊन होतं, मिठाच्या राशी डोळ्याला लागत होत्या, वर कुंदाचा रेडिओ चालला होता. हसकेलकाकांना मात्र भीती वाटली, खोटं कशाला बोला. पण त्याहून जास्त वाटला तो हेवा. मी बाप, मला नुसता आवाज, आणि याला तो दिसतो!

त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती. बार-मिस्वाच्या वेळी, मुलाचं वाचन झालं की बाप एक छोटासा आशीर्वाद म्हणतो. आजवर या मुलाचं जे बरंवाईट होतं ते माझ्या माथी होतं, आता त्यातून मला मोकळं केलंस, तुझी स्तुती असो, असा त्याचा अर्थ. आशीर्वाद बापाच्या मोकळं होण्याचा, पण त्यात मुलगाही सुटतो, स्वतःच्या पायांवर. या एवढ्या वर्षांत दुसऱ्यांच्या मुलांच्या बार-मिस्वा झाल्या. प्रत्येक वेळी बाप ते म्हणायला उभा राहिला की हसकेलकाका पाणी प्यायला नाहीतर चपला बघायला बाहेर जायचे. का जायचे ते त्यांना ठाऊक होतं. आरन बसतोय तो आपण सोडलं नाही म्हणून बसतोय. पोराचं सगळं पाठ आहे, आणि बाप त्याला बाकावरून उठू देत नाही.

शिमोनचा दिवस ठरला गुरुवारचा. शुक्रवारी सकाळचं विमान. ठाण्याहून, पनवेलहून नातेवाईक येणार, मलिदा करायचा, गोड पोह्यांची ताटं, त्यावर खजूर, फळं, गुलाबाच्या पाकळ्या. सगळं यथासांग. आणि गुरुवारी पहाटेच ठाण्यापलीकडे लोकांनी रेल रोको केलं. वाट लागली नुसती. गाड्या बंद, रस्त्यावर ट्रकची रांग. रिवकाबाईंनी आणि वाक्रूळकरांच्या सुनेने पडद्यापलीकडे, बायकांच्या बाजूला, ताटं मांडून ठेवली, आणि अलीकडे पुरुष घड्याळाकडे बघत बसले. सकाळ टळत चालली. आणखी थांबलं तर सकाळच्या प्रार्थनेची वेळ जाणार होती.

हसकेलकाका उठले आणि मोजायला लागले. शिमोन आज धरला जाणार होता, त्याच्यावर पहिला शब्द टाकला. मग दानिएल, मग शालोमआजोबा, मग बाकीचे. शेवटचा शब्द खिडकीपाशी गेला आणि बसला.

"दहा आहेत," ते म्हणाले. "शिमोन, ये पुढे."

"काका," दानिएल हळूच म्हणाला, "नऊच आहोत आपण."

आजवर हे कोणी बोललं नव्हतं. हसकेलकाकांचे कान लाल झाले. "मला मोजायला शिकवतोस?"

"रागावू नका. हे बघा ना." दानिएलने बोटांवर मोजलं नाही, पण एकेकाचं नाव घेतलं. नावं नऊच झाली. "माझ्या मुलाचं आहे, काका. खोट्या मिन्यानवर नको. तिकडे जाऊन करू, नाहीतर राहू दे."

खोटं! हसकेलकाकांना वाटलं, जमीन पोटात घेईल तर बरं. हो म्हणावं तर आयुष्यभराची मोजणी खोटी, आणि आरन आता सगळ्यांसमोर नव्हताच असा ठरणार. नाही म्हणावं तर दाखवायचं काय?

"दानिएल," मागून शालोमआजोबांचा आवाज आला. त्यांनी आपले पांढरट डोळे खिडकीकडे लावले होते. "तू खिडकीपाशी बसलाय त्याला धरलंस का?"

"तिथे कोणी नाही, बाबा."

"असं कसं? माझ्या शेजारीच तर बसतो. शनिवारी पुस्तक हातातून सुटलं की उचलून देतो मला." आजोबा वैतागले. "डोळे माझे गेलेत की तुझे?"

दानिएलचा हात नकळत टोपीकडे गेला. शिमोन मात्र गंभीरपणे तोराच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला. बापाच्या तोंडाकडे न बघता, त्याने काकांकडेही न बघता, थेट खिडकीकडे बघितलं, तिकडून कोणीतरी चल म्हटलं असावं तशी मान हलवली, आणि सुरुवात केली. सगळ्यांनी आमेन म्हटलं. सगळ्यांच्या मागून ते चिरकलेलं 'मेन' आलं, आणि आज ते सगळ्यांनी ऐकलं. एकानेही मागे वळून बघायची हिंमत केली नाही.

शिमोनने वाचलं, आणि फार सुंदर वाचलं. ओळीच्या शेवटी सूर वर गेला तेव्हा फुटपट्टी आपटायला कोणी नव्हतं. हसकेलकाका रडत होते, उघड उघड, नाक पुसत.

वाचन संपलं. दानिएल उठला, मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बापाचा आशीर्वाद म्हणायला लागला. हसकेलकाकांचे पाय सवयीने दाराकडे वळले. पडद्याशी पोचले, तेव्हा पडद्याच्या फटीतून रिवकाबाई त्यांच्याकडे बघत होत्या. आवाज न करता त्यांनी नुसती मान हलवली, नाही म्हणून.

काका थांबले आणि माघारी फिरले. खिडकीपाशी गेले. हात उचलला आणि कुठे ठेवावा ते कळेना, कारण आता तो तिशीचा असता. मग त्यांच्या हातालाच आठवलं, ताप आला तेव्हा पोरगं कुठवर पोचलं होतं ते. तेवढ्या उंचीवर हात धरला. हाताखाली ऊब होती. उन्हाची असेल, खिडकीच होती ती.

"मला मोकळं कर," ते हिब्रूत आशीर्वाद संपवून मराठीत म्हणाले, "आणि तू पण जा रे राजा. पाठ आहे तुझं सगळं. कधीचंच होतं."

हाताखालची ऊब गेली. ऊन तसंच होतं.

पुढची प्रार्थना सुरू करण्याआधी हसकेलकाकांनी पुन्हा मोजलं. मोजायची गरज होती की नाही ते राहू दे, शम्माशच्या अंगवळणी पडलेलं. शिमोन, दानिएल, शालोमआजोबा, बाकीचे. माणसं संपली. तोंडात 'हाओलाम' तसाच उरला. बाकाच्या टोकाला या वेळी रिकामी जागा दिसली, लख्ख, लाकडावर घासल्याची खूण असलेली.

"नऊ आहोत," ते म्हणाले. शालोमआजोबांनी शेजारी हात फिरवून बघितला आणि मांडीवर परत घेतला.

रिवकाबाई पडदा सारून पुरुषांच्या बाजूला आल्या. असं कोणी करत नाही, पण त्या दिवशी त्यांना अडवणार कोण?

"गेला?" त्यांनी विचारलं.

हसकेलकाका त्यांच्याकडे वळले. "तुला ठाऊक होतं?"

"पडद्याला कान नसतात, मला आहेत. पोटचा आहे माझ्या. दर शनिवारी त्याचं आमेन ऐकायला तर येत होते." "तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते हो. आणि तुम्ही त्याला शाळेतून पळालेल्या पोरासारखं लपवून ठेवलंत."

"रिवका, नाओमीला लिही," ते म्हणाले. "येतो म्हणावं. पण आधी त्याचा कद्दिश म्हणायचाय मला. राहिलाय."

कद्दिशला दहा लागतात. हसकेलकाकांनी डोळे पुसले, टोपी नीट केली आणि बाहेर आले. रेल रोकोमुळे रस्त्यावर ही गर्दी. ठाण्याच्या बाजूने रुळांवरून चालत आलेली माणसं घामाघूम होऊन येत होती, कोणाच्या हातात डबा, कोणाच्या खांद्यावर पोर. त्यात इस्त्रीचा शर्ट भिजवून, बूट हातात धरून चालत येणारा दानिएलचा ठाण्याचा मेहुणा त्यांना दिसला. त्याने लांबूनच हात केला आणि उशिराबद्दल काहीतरी बोलायला लागला.

हसकेलकाकांनी त्याचं मनगट धरलं. तेच जुनं वाक्य त्यांच्या ओठावर आलं, आयुष्यभर मुलुंडातल्या दारोदार म्हटलेलं. ते म्हणता म्हणता त्यांचा आवाज मधेच फुटला.

"बाबा रे, एक माणूस कमी आहे आमच्यात," ते म्हणाले. "येतोस का?"